उचल घेण्याआधी : पटकथालेखनाविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात पटकथालेखनाविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन केले, तेव्हा पाच-सहा पत्रे येतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात टपालाने आणि व्हॉट्सॲपवर मिळून इतका मजकूर आला की निवड करणे भाग पडले. पत्रलेखकांची नावे गाळली आहेत, गावे मात्र तशीच ठेवली आहेत, कारण बहुतेक प्रश्न त्या त्या गावातूनच उगवलेले आहेत.

औसा तालुका, जिल्हा लातूर. एक शिक्षिका लिहितात : किल्लारीच्या भूकंपात आमच्या घरातील माणसे गेली. त्या रात्रीवर मी दोनशे पानांची वही लिहून काढली. पुण्यातील एका परिचित दिग्दर्शकांनी ती वाचून "ही कादंबरी झाली, पटकथा नव्हे" असे सांगितले. नेमका फरक मला कळला नाही. वही सोबत पाठवत आहे, त्यातील एक उतारा असा : "त्या रात्री आजीला कारखान्यात कामाला गेलेल्या थोरल्या मुलाची फार आठवण येत होती. गणपतीला येतो म्हणाला होता, पण आला नव्हता. नवरा गेल्यापासून या दगडी घरात एकटीने काढलेली वर्षे तिच्या डोळ्यांपुढून सरकत होती."

बाई, उतारा चांगला आहे आणि कादंबरीत तो शोभेल. मात्र हे पान हातात घेऊन छायालेखक उभा राहिला, तर तो कॅमेरा कशावर रोखणार, एवढाच प्रश्न आपण स्वतःला विचारून पाहावा. आठवण येते आहे, हे दिसत नाही. मुलगा येतो म्हणाला होता, हे त्या खोलीत कोणी बोलत नाही. वर्षे डोळ्यांपुढून सरकतात तीही आजीच्या डोळ्यांपुढून, प्रेक्षकांच्या नव्हे. पटकथेत लेखकाला दोनच गोष्टी कागदावर ठेवता येतात, पडद्यावर काय दिसते आणि कानाला काय ऐकू येते. बाकी सर्व त्या दोन गोष्टींतून प्रेक्षकाला स्वतः काढू द्यावे लागते. जुना प्रसंग दाखवण्याची किंवा मागून आवाज देण्याची सोय आहेच, पण ती हाताशी असते म्हणून पहिल्यांदा सुचते आणि म्हणूनच ती शेवटी वापरावी, असे माझे मत आहे.

आपलाच उतारा दृश्यरूपात मांडून पाहू.

*दृश्य १२. अंतर्गत. आजीचे घर, चुलीची खोली. रात्र.*

*टोपल्यात दोन भाकरी. आजी परातीत तिसरीचा उंडा थापायला घेते. तळहाताएवढी झाल्यावर हात थांबतो. ती दाराकडे पाहते. दार उघडे आहे, बाहेर कोणी नाही. ती थापलेली भाकरी पुन्हा मोडते आणि पीठ परातीच्या कडेला सारते.*

*बाहेरून विसर्जनाच्या मिरवणुकीचे ढोल जवळ येतात. माळवदातून मातीची बारीक धार टोपल्यातल्या भाकरीवर पडते. आजी वर न पाहता फुंकर घालून माती उडवते आणि भाकरीवर फडके झाकते.*

यात आठवण हा शब्द नाही, मुलाचा उल्लेख नाही, संवाद तर मुळीच नाही. तरीही आणखी कोणीतरी जेवायला येणार होते आणि आले नाही, एवढे प्रेक्षकाला कळते. त्याहून महत्त्वाचे काम दुसरा परिच्छेद करतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली, तेव्हा लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळपास दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांतील असंख्य बळी दगड-मातीच्या जाड भिंतींनी व वरच्या मातीच्या माळवदाने, म्हणजे सपाट छताने, घेतले, हे आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. पण नाशिकच्या किंवा नागपूरच्या प्रेक्षकाला माळवद म्हणजे काय आणि ते किती जड असते, हे ठाऊक नसते. एखाद्या पात्राच्या तोंडी त्याची माहिती घातली तर दृश्य शाळेच्या धड्यासारखे होईल. ढोलाच्या आवाजाने पडणारी माती आणि तिच्याकडे वर न पाहणारी आजी या दोहोंमधून प्रेक्षकाला छताची ओळख होते, आणि त्या घरातल्या माणसांना त्या मातीची किती सवय झाली आहे, हेही उमगते. १९९२ पासून त्या भागात लहान धक्के जाणवत होतेच. ती सवय हाच आपल्या कथेचा गाभा असावा, असे वही वाचताना मला वाटले.

आता रचनेविषयी. वहीची पहिली सत्तर पाने आजीचे लग्न, दुष्काळाचे वर्ष आणि वाटणीचे भांडण यांत जातात. काय घडणार, हे आपल्या प्रेक्षकाला चित्रपटाचे नाव ऐकताच माहीत असणार आहे, त्यामुळे "पुढे काय होईल" ही उत्सुकता आपल्याला उपयोगाची नाही. आपल्याकडे त्याहून मोठी उत्सुकता आहे : पहाटे चार वाजता कोण कुठे असेल? कोण मिरवणुकीहून उशिरा येऊन अंगणात बाजेवर आडवा झाला, कोणाला सासूने हाक मारून आत झोपायला नेले, कोण रुसून देवळाच्या ओट्यावर गेला. हे प्रश्न हाती धरले की प्रत्येक साधे दृश्य, अगदी अंथरूण कुठे घालायचे यावरची कुरबुरसुद्धा, प्रेक्षक श्वास रोखून पाहील. वहीत असे सात-आठ प्रसंग विखुरलेले आहेत. ते एका संध्याकाळपासून पहाटेपर्यंत ओळीने लावावेत आणि आजीच्या लग्नाची गोष्ट त्या रात्रीत मावेल तेवढीच ठेवावी.

चित्रपट दोन तासांच्या आसपासचा असेल तर पटकथा साधारण शंभर ते एकशेवीस पानांची होते. पानाला एक मिनिट हा हिशेब इंग्रजी टंकलेखनाच्या ठरावीक अक्षरावरून आणि समासावरून आलेला आहे. देवनागरीत तो तंतोतंत बसत नाही. त्यापेक्षा घड्याळ समोर ठेवून दृश्य मोठ्याने वाचावे, कृतींच्या जागी प्रत्यक्ष हालचाल करावी आणि वेळ पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा. वरचे आजीचे दृश्य मी करून पाहिले, एक मिनिट दहा सेकंद लागतात.

नांदेडहून एक महाविद्यालयीन विद्यार्थी : माझ्या पटकथेतील पात्रे आमच्याकडचे बोलतात. एका स्पर्धेच्या परीक्षकांनी "भाषा प्रमाण करा, प्रेक्षकांना कळणार नाही" असा शेरा दिला. मी काय करावे?

परीक्षकांनी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. दृश्यवर्णन हे दिग्दर्शकापासून प्रकाशयोजनेच्या माणसापर्यंत सर्वांनी वाचायचे असते, म्हणून ते साध्या प्रमाण मराठीत, वर्तमानकाळात आणि थोडक्यात लिहावे. संवाद हे पात्राचे असतात. ते पात्र जिथले, तिथलेच असावेत.

पण "आमच्याकडचे" म्हणजे नेमके कुठले, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला आहे का, अशी शंका पाठवलेली पाने वाचून आली. आपला नायक एका दृश्यात "काय करायलाव" म्हणतो आणि पुढच्याच दृश्यात "काहून" म्हणतो. लातूर-नांदेडकडचे "करायलाव" आणि जालना-हिंगोलीकडे ऐकू येणारे "काहून" एकाच तोंडात यायला त्या माणसाच्या आयुष्यात काहीतरी कारण हवे, आजोळ तिकडचे, नोकरी इकडची असे काही. उदगीर-देगलूरच्या पट्ट्यात कन्नड आणि तेलुगू कानावर असते, छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्तीत दख्खनी उर्दू. मुंबईत लिहिल्या जाणाऱ्या अनेक मालिकांत "मराठवाडी" नावाची जी सरमिसळ भाषा ऐकू येते, ती मराठवाड्यातल्या कोणत्याही गावात कोणी बोलत नाही. आपण निदान तिच्यात भर घालू नये.

बोलीचा खरा उपयोग क्रियापदाच्या रूपांपेक्षा नेमक्या शब्दांत आहे. आपल्याकडे रस्त्याचे काम घेणारा तो गुत्तेदार असतो. त्याला ठेकेदार म्हटले की माणूस पुण्याचा होतो आणि कंत्राटदार म्हटले की वर्तमानपत्रातला. असे वीस-पंचवीस शब्द योग्य जागी पडले, तर उरलेले वाक्य सौम्य ठेवूनही बोली उभी राहते आणि बाहेरच्या नटाला ते वाचताही येते. उच्चार जसाच्या तसा टिपण्याच्या नादात शब्द इतका मोडू नये की वाचणाऱ्याला आधी तो ओळखावा लागेल.

एक खटकलेली गोष्ट स्पष्टच सांगतो. आपल्या पटकथेत बोली बोलणारी सर्व पात्रे विनोदी आहेत आणि गंभीर प्रसंगात तीच पात्रे अचानक प्रमाण मराठी बोलू लागतात. माणूस रडतानाही स्वतःच्याच भाषेत रडतो.

सेलू, जिल्हा परभणी. एक ग्रंथपाल : परभणीचे लेखक बी. रघुनाथ यांच्या एका कथेवर लघुपट करण्याची इच्छा आहे. परवानगी कोणाकडे मागावी?

साहित्यकृतीवरील प्रताधिकार (कॉपीराइट) भारतात लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून पुढे साठ वर्षे टिकतो. बी. रघुनाथ १९५३ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील प्रताधिकार २०१३ च्या अखेरीस संपला. त्या कथेवर पटकथा लिहिण्यास आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही. दोन खबरदाऱ्या मात्र घ्याव्यात. जे लेखन लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथमच प्रसिद्ध झाले, त्याची साठ वर्षे प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून मोजली जातात, म्हणून कथा पहिल्यांदा कधी छापली गेली ते पाहावे. ग्रंथपालांना हे मी सांगायला नकोच. आणि अलीकडे कोणी त्या कथेची नाट्यरूपांतरे किंवा अनुवाद केले असतील, तर त्यांवर त्या त्या व्यक्तीचा स्वतंत्र हक्क असतो. आपण मूळ कथेवरूनच काम करावे. श्रेयनामावलीत मूळ लेखकाचे नाव द्यायचेच आहे, ते कायद्यासाठी नव्हे तर परभणीसाठी.

जालन्याहून एक वाचक, विद्युत उपकरणांचे दुकान चालवतात : दोन वर्षांपूर्वी मुंबईत एका निर्मितीसंस्थेला मी कथा ऐकवली. "कळवतो" म्हणाले, कळवले नाही. आता तशीच कल्पना असलेली मालिका सुरू झाली आहे. दावा करता येईल का? आणि केवळ शीर्षकावर हक्क सांगता येतो का?

आपल्या पत्रावरून मला जेवढे दिसते त्यावरून सांगायचे तर फार कठीण आहे, आणि का कठीण आहे ते समजून घेतल्यास पुढच्या वेळी उपयोग होईल. कायदा कल्पनेला संरक्षण देत नाही, तिच्या अभिव्यक्तीला देतो. या विषयावरील पायाभूत निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दिला. आर. जी. आनंद यांनी आपल्या 'हम हिंदुस्तानी' या नाटकाची गोष्ट चित्रपट निर्मात्यांना ऐकवली होती. पुढे १९५६ मध्ये 'न्यू दिल्ली' हा चित्रपट आला आणि प्रांतवादाचा तोच विषय, दोन प्रांतांतील कुटुंबांच्या मुलामुलींचे तेच प्रेम त्यात पाहून त्यांनी दावा केला. न्यायालयाने सांगितले की कल्पना, विषय, कथासूत्र किंवा ऐतिहासिक तथ्य यांवर कोणाचाही प्रताधिकार नसतो; दोन्ही कृती पाहणाऱ्याला ही सरळ नक्कल आहे, असे निःसंशय वाटले पाहिजे. आनंद दावा हरले. आपल्या पत्रात जे साम्य आपण दाखवता, शहरातून परतलेली सून आणि बंद पडलेली कापसाची जिनिंग, ते दुर्दैवाने कल्पनेच्या पातळीवरचे आहे.

याचा अर्थ ऐकवलेली गोष्ट उघड्यावर पडलेली असते, असा नाही. गोपनीयतेच्या विश्वासाने सादर केलेली आणि तपशिलाने विकसित केलेली संकल्पना संरक्षणास पात्र ठरू शकते, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये एका मालिकेच्या वादात दिला आहे. पण त्यासाठी काय सादर केले, कोणाला केले आणि कधी केले, हे कागदावर दाखवता आले पाहिजे. आपण मात्र बोलून आलात.

हा दोष मी आपल्याला मोठेपणाने दाखवत नाही. सुमारे वीस वर्षांपूर्वी अंधेरीतील एका कार्यालयात मीही सव्वादोन तास कथा ऐकवली होती. चहा दोनदा आला, निर्माते एका जागी खरोखर डोळे पुसत होते. दीड वर्षाने त्यातील पंगतीचा प्रसंग, वाढपी मुलगा आपल्याच बापाला ओळख न दाखवता वाढून पुढे जातो तो, एका मालिकेत जवळपास तसाच दिसला. तो उचलला गेला की दुसऱ्या कोणाला तो स्वतंत्रपणे सुचला, हे मला आजही ठरवता येत नाही, कारण माझ्याकडे त्या भेटीचा साधा निरोपसुद्धा लिहिलेला नव्हता.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. कथा ऐकवायला जाण्यापूर्वी तिचा पंधरा-वीस पानांचा तपशीलवार आराखडा तयार करून तो मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवतो. सभासदांना ही नोंदणी घरबसल्या ऑनलाइन करता येते. या नोंदणीने प्रताधिकार मिळत नाही, तो लिहिताक्षणीच लेखकाचा असतो. अमुक मजकूर अमुक तारखेला माझ्याकडे होता, एवढा पुरावा मात्र तिने मिळतो. स्वतःच्याच पत्त्यावर पाकीट पाठवून ते न उघडता जपून ठेवण्याचा सल्ला आपल्याकडे अजून दिला जातो, त्यावर विसंबू नये. भेट ठरली की तिची वेळ आणि कथेचे नाव नमूद करणारा ईमेल पाठवतो आणि भेटीनंतर त्याच संध्याकाळी "आज आपल्याला ही कथा ऐकवली, सोबत सारांश जोडला आहे" असे दोन ओळींचे पत्र धाडतो. याने कोणी नाराज झाल्याचे मला आठवत नाही; झाला असता तर बरेच झाले असते.

शीर्षकाविषयीही आपण विचारले आहे. केवळ शीर्षकावर प्रताधिकार मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले आहे.

बीड जिल्ह्यातून एक तरुण : आई-वडील ऊसतोडीला जात, मी पदवीधर झालो आणि लिहितो. एका निर्मात्याने माझ्या पटकथेसाठी पंचवीस हजार रुपये साइनिंग देऊ केले आहेत. करार तीन पानी, इंग्रजीत आहे. त्यात सर्व हक्क कायमचे आणि जगभरासाठी निर्मात्याचे, असे लिहिले आहे. आईचे म्हणणे, सही करू नको, ही उचल आहे. तिचे म्हणणे बरोबर आहे का?

आपल्या मातोश्रींना करार माझ्यापेक्षा लवकर कळला. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या मध्यस्थाकडून, कोयत्यामागे, म्हणजे तोडणी करणाऱ्या जोडप्यामागे, आगाऊ रक्कम म्हणून उचल घेतली जाते, हंगामभर तोडणी करून ती फेडायची असते आणि फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढते. आपण पाठवलेल्या करारातील चौथे आणि सातवे कलम एकत्र वाचा. चौथ्यात "निर्मात्याचे समाधान होईपर्यंत" पुनर्लेखन करण्याची अट आहे, तिला संख्या नाही, मुदत नाही. सातव्यात, समाधान न झाल्यास दिलेली रक्कम परत मागण्याचा अधिकार निर्मात्याला आहे. म्हणजे पंचवीस हजारांत आपण किती तोड करायची, हे मुकादमाच्या मर्जीवर राहिले.

मोडता घालायचा तो इथे. पुनर्लेखनाचे खर्डे किती, ते आकड्यात लिहून घ्यावे. दोन पूर्ण खर्डे आणि एक किरकोळ दुरुस्ती ही मागणी वाजवी आहे, त्यापुढील प्रत्येक खर्ड्याला वेगळे मानधन. मानधनाचे हप्ते आपण लेखन सादर करण्याशी बांधावेत, निर्मात्याच्या पसंतीशी किंवा चित्रीकरणाच्या मुहूर्ताशी नव्हे. सहीला काही, आराखडा दिल्यावर काही, पहिला खर्डा दिल्यावर मोठा भाग आणि शेवटचा खर्डा देताना उरलेली रक्कम, अशी विभागणी असावी. "चित्रपट प्रदर्शित झाल्यावर" मिळणारा हप्ता मिळणारच नाही, असे समजून एकूण आकडा पाहावा. झालेल्या कामाचे पैसे परत मागता येणार नाहीत, असे एक वाक्य घालून घ्यावे. मानधनातून साधारणतः दहा टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जातो, तो विवरणपत्र भरून हिशेबात धरता येतो, त्यामुळे कपातीची नोंद पॅनवर दिसते ना, ते पाहत राहावे.

हक्कांबाबत १९५७ च्या प्रताधिकार कायद्याची थोडी मदत होते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांपुरते आणि क्षेत्र लिहिलेले नसेल तर भारतापुरते धरले जाते. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही, तर तो लेखकाकडे परत येतो, पण करारात वेगळे काही लिहिलेले नसेल तरच. आपल्या करारात "कायमचे", "जगभर" आणि "न वापरल्यासही" असे तिन्ही शब्द मुद्दाम बसवलेले आहेत, ते याच तरतुदी निष्प्रभ करण्यासाठी. त्यांऐवजी तीन वर्षांत चित्रीकरण सुरू झाले नाही तर हक्क लेखकाकडे परत, अशी ओळ मागावी. नवख्या लेखकाला बाकी काही मिळाले नाही तरी चालेल, ही ओळ सोडू नये. नाहीतर पटकथा कोणाच्या तरी कपाटात राहते आणि ती दुसऱ्याला दाखवण्याचीही सोय उरत नाही.

२०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरील वापरातून, म्हणजे दूरचित्रवाणी, ओटीटी वगैरेंतून, येणाऱ्या स्वामित्वधनातील (रॉयल्टीतील) समान वाट्याचा लेखकाचा हक्क कराराने काढून घेता येत नाही. आपल्या करारातील नववे कलम नेमके तेच करू पाहते. कायद्यापुढे ते टिकू नये, पण म्हणून ते राहू द्यावे असे नाही. ते खोडून घ्यावे. पटकथालेखकाच्या हाती ही रक्कम पडणे गीतकाराच्या तुलनेत आजही अवघड आहे, हे मात्र लपवत नाही.

आणि श्रेय. करारात आपला उल्लेख फक्त "लेखक" असा आहे. मराठीत कथा, पटकथा आणि संवाद ही तीन वेगळी श्रेये आहेत, आणि संवाद पुढे दुसऱ्याकडून लिहून घेतले तर "लेखक" या एका शब्दाखाली आपले नाव तिसरे येऊ शकते. "कथा व पटकथा" असे स्पष्ट लिहावे, ते पडद्यावर आणि जाहिरातीत दोन्हीकडे यावे.

सही करू नये, असे मी म्हणत नाही. पंचवीस हजारांची आपल्याला गरज असेल, ती मला पत्रातून दिसते. वरील सर्व दुरुस्त्या मराठीत एका कागदावर लिहून निर्मात्याकडे पाठवाव्यात, इंग्रजी करार बीडच्या न्यायालयातील एखाद्या परिचित वकिलाकडून ओळ-ओळ समजून घ्यावा, आणि आठवडाभर थांबावे. खरोखर चित्रपट करणारा निर्माता आठवडाभर थांबतो.

परळीहून : पटकथेसाठी कोणते सॉफ्टवेअर वापरावे?

इंग्रजी पटकथेसाठी बनलेली काही सॉफ्टवेअरे देवनागरी जोडाक्षरांत अडखळतात. युनिकोडमध्ये साध्या वर्डमध्ये किंवा गूगल डॉक्समध्ये लिहावे, दृश्य क्रमांक आणि स्थळ-वेळ ठळक ठेवावी, पाठवताना पीडीएफ करावी. जुन्या टाइपिंग फॉन्टमध्ये लिहिलेली फाइल समोरच्या संगणकावर अगम्य चिन्हे होऊन उघडते, आणि ती कोणी परत मागत नाही.

लातूरहून एक पदवीधर : एका दैनंदिन मालिकेसाठी संवाद लिहिण्याचे काम चालून आले आहे. मुंबईला यावे लागेल, असे म्हणतात. जावे का?

दैनंदिन मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद यांची माणसे बहुधा वेगळी असतात. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळता वीस-बावीस मिनिटांचा मजकूर लागतो, तो आठवड्यातून सहा वेळा. पटकथा वाहिनीकडून मंजूर होऊन संवादलेखकाकडे येते ती पुष्कळदा रात्री, आणि सेटवर सकाळची शिफ्ट लागण्याआधी निदान पहिली दोन दृश्ये पोहोचावी लागतात. हातात चित्रित भागांची शिल्लक, ज्याला तिथे बँक म्हणतात, ती चांगली असेल तर माणूस झोपतो. बँक संपली की नट मेकअप करून बसलेला असतो आणि संवाद फोनवर ओळी-ओळीने जात असतात. या कामाने हात वेगाने चालू लागतो, दृश्य कुठे संपवायचे ते कळते, आणि दुसऱ्याने आखलेल्या प्रसंगात आपले माणूस कसे शोधायचे याचे शिक्षण होते. मी तीन वर्षे हे केले आणि त्याबद्दल पश्चात्ताप नाही. पण त्या तीन वर्षांत स्वतःचे एकही पान लिहिले नाही, हेही खरे.

पूर्वी यासाठी मुंबईत राहणे अटळ होते. आता संवादलेखन दुरूनही चालते, पटकथेच्या बैठका मात्र अजून समोरासमोर अधिक चांगल्या होतात. म्हणून पहिले दोन-तीन महिने जावे, माणसे ओळखावीत, मग लातूरहून लिहिता येईल का ते विचारावे.

जाण्यापूर्वी व्यवहार कोणत्या प्रकारचा आहे ते नीट पाहावे. आपल्याकडे सालगडी पाडव्याला वर्षाचे ठरवतो आणि गुत्त्याचे काम करणारा कामाचे ठरवतो. मालिकेत अनेकदा राबणे सालगड्याचे आणि मोबदला गुत्त्याचा, असा प्रकार होतो. दिवसरात्र बांधून घेतात, पैसे मात्र प्रसारित झालेल्या भागांचेच देतात. तेव्हा पुन्हा त्यांचा फोन आला की तीन गोष्टी विचाराव्यात : मानधन लिहून दिलेल्या भागाचे की प्रसारित भागाचे, वाहिनीने लिहिलेला भाग रद्द केला तर त्याचे काय, आणि बिल दिल्यापासून किती दिवसांनी पैसे जमा होतात. उत्तरे मिळाली की तीच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवावीत आणि समोरून "हो" येईपर्यंत रेल्वेचे तिकीट काढू नये.